क्वालालंपूरला येताय? आधी टर्मिनल बघा

केएलला, म्हणजे क्वालालंपूरला, राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली, आणि मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाची आत्या येतेय, कुणाच्या नवऱ्याच्या ऑफिसातले जोशी सहकुटुंब येताहेत, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच, व्हिसा लागतो का, एअरपोर्टवरून कसं यायचं, व्हेज मिळतं का. दर वेळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, आता जो विचारेल त्याला हेच पाठवणार. यात टॉप टेन ठिकाणांची यादी नाही, ती कुठेही मिळते. माझ्याकडे येणाऱ्यांची गडबड होते ती विमानातून उतरल्यापासून हॉटेलच्या पलंगावर आडवं होईपर्यंतच्या चार तासांत, म्हणून जास्त त्याबद्दलच लिहिलंय.

निघायच्या आधी

डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे आणि वाढवत वाढवत चाललीय, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी एकदा चेक कराच, मावसभाऊ मागच्या वर्षी जाऊन आला यावर जाऊ नका. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा. परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग यांचे कागदी प्रिंट काढून घ्या, हो कागदी, कारण काउंटरवर ऑफिसर विचारतो तेव्हा नेमकी मोबाईलला रेंज नसते आणि पीडीएफ उघडत नाही.

दुसरं म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड, इथे त्याला एमडॅक म्हणतात. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, त्याच्या आधी साइट घेतच नाही. माणशी एक, कडेवरच्या बाळाचंसुद्धा. आणि हे पूर्ण फुकट आहे. सर्च केलं की वरच्या वर हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट येतात आणि कार्डाचे डिटेल्स मागतात, तिथे पैसे मागितले की समजायचं आपण चुकीच्या दुकानात शिरलोय. मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच भरा, पासपोर्ट नंबर दोनदा वाचा, ईमेलवर आलेल्या कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट ठेवा.

बॅगेत तीन गोष्टी टाका. तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर (इथले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे आहेत, आपली गोल पिन बसत नाही, पहिल्या रात्री फोन डेड होतो तो यामुळेच), छत्री, आणि एक पातळ जॅकेट. जॅकेट म्हटलं की सगळे हसतात, एवढ्या उकाड्यात जॅकेट कशाला म्हणून. बाहेर वर्षभर ३२-३३ डिग्री आणि घामाच्या धारा असतात हे खरंय, पण ट्रेन आणि मॉलमधला एसी असा लावलेला असतो की जणू नाहीतर दूध नासेल.

घड्याळ अडीच तास पुढे करा. पैशाचं म्हणाल तर एक रिंगिट म्हणजे साधारण वीस-पंचवीस रुपये धरून चाला. एअरपोर्टवर फक्त शंभर-दीडशे रिंगिट होतील एवढेच बदला, बाकीचे शहरात, तिथे भाव बरा मिळतो आणि ब्रिकफील्ड्समध्ये (इथल्या लिटल इंडियात) रुपये घेणारे मनी चेंजर आहेत.

विमानातून उतरल्यावर

एअरपोर्टचं नाव केएलआयए, आणि तो शहरात नाहीये, सेपांगला आहे, पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब. म्हणजे मुंबईत राहायचंय आणि उतरायचं कर्जतजवळ, तसं काहीतरी. दोन टर्मिनल आहेत. मलेशिया एअरलाइन्स आणि बहुतेक मोठ्या कंपन्या टर्मिनल १ ला, एअरएशिया टर्मिनल २ ला. दोन्ही वेगळ्या इमारती आहेत, मधे ट्रेन आहे, पायी जाता येत नाही. हे आत्ताच डोक्यात फिट करा, परत जाताना याच्यावरच घोळ होतो, शेवटी सांगते.

मुंबईहून थेट विमान पाचेक तासांचं, आणि रात्रीचं घेतलं तर सकाळी डोळे चोळतच उतरता. टर्मिनल १ ला विमान कधी कधी सॅटेलाइट इमारतीला लागतं, मग मुख्य इमारतीत यायला छोटी विनाड्रायव्हर ट्रेन आहे, एरोट्रेन. ती दोनेक वर्षं बंद होती आणि लोक बसने जायचे, जुलै २०२५ पासून परत सुरू झालीय. टर्मिनल २ ला असलं काही नाही, तिथे चाल चाल चालायचं, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

इमिग्रेशनला दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे घेतात. प्रश्न साधे असतात, किती दिवस, कुठे राहणार. उत्तरही साधं द्या, सगळा प्रवासवर्णनाचा पाढा वाचू नका. घरातले सगळे एकत्र उभे राहिलात तरी एमडॅक प्रत्येकाचं बघतात.

आणि इथून पुढे वर बघत चला, पाट्या वाचत. मला या देशात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. मलय भाषा रोमन लिपीत लिहितात आणि जसं लिहिलंय जवळपास तसंच वाचायचं, म्हणजे आपल्यासारखंच, स्पेलिंगचा जाच नाही. इमिग्रेसेन, कौंतर, तिकेत, बस, तेक्सी, लिफ, पोलिस, मोठ्याने वाचलं की अर्थ आपोआप लागतो. ‘केलुआर’ म्हणजे बाहेर, ‘मासुक’ म्हणजे आत. आणि ‘तांडास’ म्हणजे, बरोबर ओळखलंत, तेच. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी बाण बघून म्हणाल्या, अगं हे तर मराठीच आहे. ‘नामा’ म्हणजे नाव, ‘वार्ना’ म्हणजे रंग, ‘उतारा’ म्हणजे उत्तर दिशा, ‘साबुन’, ‘काचा’, ‘गुला’ म्हणजे साखर (आपला गूळच की), पंतप्रधानांना ‘पेर्दाना मेंतेरी’. फसवणारे पण आहेत. बाटलीवर इंग्रजी एअर लिहिल्यासारखं दिसतं, ते ‘आयर’ वाचायचं आणि अर्थ पाणी. ‘बांदार’ म्हणजे शहर, तिथे बंदर शोधू नका. आणि दुधाला म्हणतात ‘सुसू’. लहान मुलं बरोबर असतील तर सुपरमार्केटच्या दुधाच्या रांगेत त्यांना आवरायची तयारी ठेवा.

बॅगा घेऊन बाहेर आलात की सिमकार्डचे काउंटर ओळीने दिसतात. पासपोर्ट दाखवला की पाच मिनिटांत टुरिस्ट सिम चालू करून देतात. भारतातूनच ई-सिम घेऊन आलात तर तेही चालतं. पण इंटरनेट सुरू झाल्याशिवाय एअरपोर्टच्या दाराबाहेर पाऊल टाकू नका, कारण दाराशीच ‘तेक्सी, तेक्सी’ करत माणसं जवळ येतात. मी पहिल्यांदा आले तेव्हा अशाच एका काकांबरोबर गेले होते, फार गोड बोलले, चेन्नईच्या नातेवाइकांची चौकशी केली (मी कोल्हापूरची), आणि हॉटेलवर उतरताना जे पैसे सांगितले ते नेहमीच्या भाड्याच्या तिप्पट होते हे मला आठवड्याने कळलं.

शहरात कसं पोचायचं

एकटे किंवा दोघं असाल तर केएलआयए एक्स्प्रेस. टर्मिनल १ पासून केएल सेंट्रल स्टेशन २८ मिनिटं, टर्मिनल २ पासून ३३, टर्मिनल १ सोडलं की मधे कुठे थांबत नाही, तिकीट माणशी ५५ रिंगिट. त्याच रुळांवर ट्रान्झिट नावाची गाडी चालते, ती तीन स्टेशनं घेत जाते, त्यातलं एक पुत्रजया. (राजधानी नक्की कुठली असं पाहुणे हमखास विचारतात. राजधानी क्वालालंपूरच, संसद इथेच, पण १९९९ पासून सरकारी ऑफिसं पुत्रजयाला हलवलीयत.) पहिल्यांदा येणाऱ्याने एक्स्प्रेसच घ्यावी, सामान ठेवायला नीट जागा असते.

पण चौघं असाल तर जरा हिशोब करा, पंचावन्न चोक दोनशे वीस, आणि वर केएल सेंट्रलहून हॉटेलपर्यंत परत गाडी करायचीच. तेवढ्यात ग्रॅबची मोठी गाडी दारापासून दारापर्यंत येते आणि बरेच पैसे उरतात. ग्रॅब म्हणजे इथलं ओला-उबर, ॲप भारतातूनच टाकून, नंबर व्हेरिफाय करून या. भाडं आधीच दिसतं, टोल वेगळा लागतो, आणि कुठल्या दारापाशी उभं राहायचं तो दाराचा नंबर ॲपमध्ये येतो, नेमकं तिथेच उभे राहा. संध्याकाळी पाच ते आठ मात्र ग्रॅबच्या नादी लागू नका, ट्रॅफिकमध्ये दोन तास जातात, तेव्हा ट्रेनच. खिसा सांभाळायचा असेल तर बस आहे, पंधराएक रिंगिटमध्ये केएल सेंट्रलला सोडते, तासाभराहून जास्त धरा.

केएल सेंट्रलला उतरलं की पहिल्यांदा सगळ्यांचीच भंबेरी उडते. एलआरटी (मेट्रो), कोम्युटर (लोकल), एअरपोर्टची गाडी एका छताखाली, मोनोरेल मात्र शेजारच्या मॉलमधून चालत पलीकडे, आणि एमआरटीला (दुसरी मेट्रो) लांब बोळातून जायचं, त्या स्टेशनचं नावही वेगळं, मुझियम नगारा. घाई करू नका. तिथे टच अँड गो नावाचं कार्ड घ्या, त्यात वीस-तीस रिंगिट भरा, मग सगळ्या ट्रेन आणि बसला तेच टेकवायचं, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायको एका कार्डावर जाऊ म्हणाल तर गेट उघडणार नाही. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहा, उजवी बाजू घाईवाल्यांची.

सकाळी आठला पोचलात आणि हॉटेल तीन वाजता खोली देणार असेल तर बॅगा रिसेप्शनला ठेवून बाहेर पडा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. हॉटेलवर परदेशी पाहुण्यांकडून टुरिझम टॅक्स घेतात, खोलीमागे रात्रीला १० रिंगिट, बुकिंगमध्ये तो धरलेला असेलच असं नाही. यावरून रिसेप्शनवर भांडू नका, तो सरकारी आहे आणि सगळ्या हॉटेलांत घेतात. डिपॉझिट घेतात ते वेगळं, त्याची पावती जपा.

राहायचं कुठे, तर पहिल्यांदा येणाऱ्याला मी ब्रिकफील्ड्स किंवा बुकित बिंतांग (मॉल-बाजारांचा भाग) सांगते. ब्रिकफील्ड्स केएल सेंट्रलला लागूनच, इथलं लिटल इंडिया, इडली, गजरे, साड्यांची दुकानं आणि लाऊडस्पीकरवर तमिळ गाणी. तिथे आल्यावर काही जण तोंड वाकडं करतात की हे बघायला का एवढे पैसे खर्च करून आलो, पण आई-वडील बरोबर असतील आणि सकाळी सातला चहा-इडली लागत असेल तर दुसरीकडे कुठे जाऊच नका.

खायचं काय

हा भाग नीट वाचा. इथे ‘व्हेज’ शब्दावर विसंबून चालत नाही. ‘दागिंग’ म्हणजे मांस, पण बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे बीफ येतं. तुम्ही नो दागिंग म्हणालात तर तो प्रामाणिकपणे चिकन आणून देईल, कारण चिकन म्हणजे ‘आयाम’, ते वेगळं. मासे ‘इकान’, अंडं ‘तेलुर’. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, तेलुर. अजून एक शब्द, ‘बलाचान’. ही बारीक कोलंबी आंबवून, वाळवून केलेली वडी, म्हणजे आपल्या सोड्याच्या जवळची, आणि ती नुसत्या पालेभाजीतसुद्धा असते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी कांगकुंगची हिरवीगार भाजी मागवली, दोन घास खाऊन म्हणाल्या, छान आहे गं, पण कोकणातल्या बंदरावर बसल्यासारखं का वाटतंय. मी त्यांना खरं काय ते दोन वर्षांनी सांगितलं.

नासी लमाक हा इथला राष्ट्रीय नाश्ता, नारळाच्या दुधातला भात, सांबाल नावाची तिखट चटणी, शेंगदाणे, काकडी, अंडं आणि तळलेले बारीक सुके मासे. मासे खाणाऱ्यांनी चुकवू नका. शाकाहाऱ्यांसाठी चिनी लोकांची शुद्ध शाकाहारी हॉटेलं असतात, बौद्ध पद्धतीची, पाटीवर मोठं 素 हे अक्षर, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दाखवा. आणि ब्रिकफील्ड्सला केळीच्या पानावरचा भात. जेवण आवडलं की पान आपल्याकडे दुमडायचं.

पण खरी सोय म्हणजे मामाक. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं, बरीचशी रात्रभर उघडी, आणि या शहरातली एकच जागा असावी जिथे मलय, चिनी, भारतीय सगळे शेजारशेजारच्या टेबलांवर बसून मोठ्या स्क्रीनवर फुटबॉल बघत असतात. आमच्या कोपऱ्यावरच्या मामाकमध्ये सकाळी सहाला जो माणूस असतो तो पिठाचा तेलात भिजलेला गोळा तळहाताने चेपतो, दोन्ही हातांनी धरून हवेत फिरवतो, दोन फेऱ्यांत त्याचा रुमालाएवढा पातळ पडदा होतो, मग तो चौकोनी दुमडून तव्यावर, आणि शेवटी भाजलेली रोटी ओट्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी टाळी वाजवल्यासारखी चुरगाळतो, पदर सुटायला. ही रोटी चनाई. साधी हवी तर ‘रोटी कोसोंग’, कोसोंग म्हणजे रिकामं. बरोबर डाळ येते पण वर माशाची करी ओतायची सवय असते, म्हणून ‘दाल सहाजा’, नुसती डाळ, असं बजावून सांगा.

चहा म्हणजे तेह तारिक. कंडेन्स्ड मिल्कचा चहा एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओढतात, फेस येईपर्यंत. तारिक म्हणजे ओढणे, दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं ‘तारिक’ ते हेच, दार ओढा (आणि ‘तोलाक’ म्हणजे ढकला). भयंकर गोड असतो, ‘कुरांग मानिस’ म्हणा, कमी गोड. डायबेटिस असेल तर ‘तेह ओ कोसोंग’, बिनदुधाचा बिनसाखरेचा. साध्या तेह तारिकमध्ये दालचिनी-आलं नसतं, ती अपेक्षा इमिग्रेशनलाच सोडून या.

हाक कशी मारायची? मामाकमध्ये ‘बॉस’ किंवा ‘अण्णे’, मलय माणसाला ‘बांग’, बाईला ‘काक’, चिनी दुकानात वयस्कर असतील तर सरळ अंकल-आंटी. ‘बोलेह’ म्हणजे चालेल, जमेल, होईल, सगळंच. प्रश्नही तोच, उत्तरही तोच. इंग्रजीत बोलायला लागले तरी ‘कॅन?’ ‘कॅन.’ एवढ्यात व्यवहार होतो. मलय लोक हात मिळवून झाला की तो छातीला लावतात, फार छान वाटतं ते. बायकांशी पुरुषांनी आपणहून हात पुढे करू नये. कुणाच्या पोराच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवायची आपली सवय इथे आवरा. आणि बोट रोखून दाखवू नका, मूठ करून अंगठ्याने दाखवतात.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी झोप अर्धवट झालेली असते, लांब जाऊ नका. एलआरटीने पासार सेनी स्टेशनला उतरा. तिथून पायी श्री महामारीअम्मन मंदिर, १८७३ चं, समोरच्या बाजूला चिनी गुआन दी मंदिर, उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात, मग पेतालिंग स्ट्रीटचा बाजार, सेंट्रल मार्केट, आणि तसंच चालत नदीकडे गेलात की मस्जिद जामेक, १९०९ ची, दोन नद्यांच्या संगमावर. क्वाला लुंपूर म्हणजेच चिखलाचा संगम. १८५७ मध्ये कथिलाच्या खाणीवाले या चिखलात उतरले आणि त्यांच्या झोपड्यांचं हे शहर झालं. मशिदीत अंग झाकायला झगे मिळतात, शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका. हे सगळं तीन तासांत होतं. दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं आणि धो धो पडतो, तासाभरात उघडतो, तेवढा वेळ सेंट्रल मार्केटमध्ये घालवा.

संध्याकाळी पेट्रोनास टॉवर. केएल सेंट्रलहून एलआरटी, गोंबाकच्या दिशेची, पाचवं स्टेशन केएलसीसी. गाडीला ड्रायव्हर नाही, सगळ्यात पुढच्या काचेशी उभे राहा, पोरं जाम खूश होतात. टॉवर ४५२ मीटर, वर जायचं तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं आणि सोमवारी बंद. माझं मत विचाराल तर वर जाऊ नका, वर गेलं की टॉवरच दिसत नाही ना! खाली बागेत तळ्याकाठी बसा, अंधार पडला की कारंजी आणि दिवे, सगळं फुकट.

दुसऱ्या दिवशी बटू केव्हज, म्हणजे डोंगरातल्या गुहेतलं मुरुगनचं (कार्तिकेयाचं) देऊळ, आणि सकाळी, म्हणजे खरोखर सकाळी. केएल सेंट्रलहून कोम्युटर थेट जाते, शेवटचं स्टेशन, तिकीट अगदी किरकोळ. गाड्या लोकलसारख्या मिनिटामिनिटाला नसतात, टाइमटेबल आदल्या रात्री बघा. मधला डबा गुलाबी पाटीचा असेल तर तो बायकांचा, पुरुषांनी शिरू नये. उतरल्यावर समोर ४२.७ मीटरचा सोनेरी मुरुगन आणि २७२ रंगीत पायऱ्या. जेजुरी चढलेल्यांना काहीच नाही, पण दमट हवेत दम लागतो. गुडघ्याच्या वर कपडे असतील तर खाली लुंगीसारखं वस्त्र भाड्याने घ्यावं लागतं. माकडं सराईत आहेत, हातात पिशवी दिसली की खेचतात, चष्मासुद्धा. थायपूसमला, म्हणजे मुरुगनच्या उत्सवाला, जानेवारी-फेब्रुवारीत, इथे लाखोंची गर्दी असते, चांदीचा रथ मध्यरात्री महामारीअम्मन मंदिरातून निघतो. वारी बघितलेल्या माणसाने एकदा बघावंच, पण पोराबाळांना घेऊन नको.

परत जाताना

मागच्या वर्षी माझी नणंद परत निघाली. मी केएल सेंट्रलला एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं. गाडी आधी टर्मिनल १ ला थांबते, तिथे अर्धी गाडी उतरली म्हणून ही पण उतरली, बॅगा ओढत वर काउंटरपर्यंत गेली, बोर्डावर विमानाचं नावच नाही. विमान होतं टर्मिनल २ चं. माझा फोन लागेना, कारण मी परतीच्या एलआरटीत. शेवटी एका सफाई करणाऱ्या काकांनी तिला खाली स्टेशनपर्यंत आणून सोडलं. पुढच्या ट्रेनने तीन मिनिटांत टर्मिनल २ येतं, भाडं २ रिंगिट, पण तिने उरलेले सगळे पैसे टच अँड गो कार्डासकट आठवण म्हणून बॅगेत तळाशी टाकले होते, आणि बॅग उघडून, साड्या, चॉकलेटं, सांबालच्या बाटल्या सगळं प्लॅटफॉर्मवर मांडून तिने ते कार्ड शोधलं. विमान मिळालं. तुम्ही कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, आणि त्यात दोन-चार रिंगिट शिल्लक असू द्या.